पावरीच्या सुराला लावलेली पेटी

“ती पावरी मांडवमा नको, बाई. बेसूर शे ती.”

रतनशेट असं म्हणाले आणि कमिटीच्या बाकीच्या मेंबरांनी लगेच माना डोलावल्या. जसे काही सगळे जन्मापासूनचे गवई! रतनशेट आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. लाकडाचे मोठे व्यापारी. गाण्याशी त्यांचा संबंध इतकाच, की शाळेतली एकुलती एक पेटी त्यांनी दिलेली होती आणि तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

ही नवापूरची गोष्ट, दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमच्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. माझे यजमान तिथे स्टेशनवर तारमास्तर होते आणि मी मुलींच्या शाळेत गायन शिकवायची. गॅदरिंग जवळ आलं होतं. यंदा इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून कमिटी नुसती हवेत होती. मी प्रोग्रॅममध्ये एक फेराचं गाणं घातलं होतं. जवळच्या पाड्यांवरच्या, कोकणी या आदिवासी जमातीतल्या तीन-चार मुली आमच्याकडे शिकत, त्यांचं गाणं. साथीला त्यांच्यातल्या जनीचा बाप देवजी पावरी वाजवणार होता.

पावरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक वाळका भोपळा, त्यात बसवलेल्या वेळूच्या दोन नळ्या आणि पुढे कर्णा. वाजवणारा एकदा फुंकायला लागला की सूर तुटत नाही. तोंडाने फुंकत असतानाच तो नाकाने श्वास घेतो. करून बघा एकदा, मग त्याला अडाणी म्हणा.

“बेसूर कशावरून?” मी विचारलं.

“आपल्या पेटीशी जुळत नाही ना,” एक मेंबर म्हणाले. “साहेबांच्या कानाला कसं वाटेल?”

“नाचू द्या ना त्यासले,” रतनशेट उदारपणे म्हणाले. “प्रोग्रॅम आटपना का मंग. मांडवना बाहेर.”

म्हणजे साहेब जेवायला गेल्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पेटीशी जुळत नाही ही गोष्ट खरी होती.

देवजीला मी बाजाराच्या दिवशी हे सांगितलं. तो रतनशेटच्याच कुपावर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या ठेक्यावर, लाकूड तोडायला जायचा. आवाज कधी चढवायचा नाही, पण अहो-जाहो त्याच्या तोंडात नव्हतं. कलेक्टर आला असता तरी त्यालाही त्याने ‘तू’च म्हटलं असतं.

“बाई, तू भांडू नको,” तो म्हणाला. “मी बाहेर न्हाई वाजवायचा. आन माझी पोर मांडवात चालत न्हाई, तं शाळेत पन कशाला ठेवू? घरी काम हाय.”

जनी शेजारीच उभी होती. चौथीतली पोर, वर्गात पहिली-दुसरी येणारी. तिने दप्तर पोटाशी धरलं. देवजी उगाच धमकी देणारा माणूस नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आता प्रश्न गाण्याचा राहिला नव्हता. मांडव नाही तर जनीची शाळा नाही, असा सरळ हिशेब होता.

घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, “पावरी पेटीशी जुळत नाही म्हणतात.”

ते सहज म्हणाले, “मग पेटी पावरीशी जुळव.”

ते चेष्टेत बोलले. मी नाही घेतलं चेष्टेत.

इथे पेटीबद्दल थोडं सांगायला हवं. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ पत्त्या असतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. पत्ती टोकाशी खरवडली की ती हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी खरवडली की सूर उतरतो. माझे वडील नंदुरबारला पेट्या दुरुस्त करायचे. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी पत्त्या पुसत बसायची. तेव्हा हे काम मला नवीन नव्हतं. पावरीला मात्र असं काही करता येत नाही. नळीची भोकं एकदा पडली ती पडली. मग दोघांपैकी कोणी सरकायचं, हे उघडच होतं.

रविवारी शाळेच्या ओट्यावर मी पेटी उघडून बसले. चोरून नव्हे, चांगली भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. देवजी समोर पावरी घेऊन बसला. जनी भाता मारत होती. पावरीचा सा पेटीच्या पांढरी दोन आणि काळी दोन या पट्ट्यांच्या मधोमध येत होता. म्हणून पांढरी दोनची पत्ती घेतली आणि टोकाशी खरवडली. ऐकलं. पुन्हा खरवडली. सा मिळाला. मग रिषभ. गंधाराने मात्र जीव खाल्ला. पावरीचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. पेटीवाल्यांनी त्याच्यासाठी घरच बांधलेलं नाही.

“बाई, तुला नोकरीवरून काढतील,” देवजी पावरी खाली ठेवून म्हणाला.

“काढू देत. तू वाजव.”

उन्हं कलली तेव्हा मधल्या सप्तकातले सगळे सूर पावरीशी जुळले होते. पेटी आणि पावरी एकत्र वाजली आणि जनीने भाता मारता मारताच गायला सुरुवात केली. एवढी वर्षं पेटीबरोबर ती कधी मोकळी गायली नव्हती. त्या दिवशी गायली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

गॅदरिंगच्या सकाळी रंगीत तालीम होती. तबल्याला आमचे इस्माईलभाई होते, धंद्याने शिंपी. मी सा दिला. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता हातोडी घेतली आणि ठोकून तबला चढवला. स्वागतगीत झालं. रतनशेटच्या पुतणीचं पद झालं. पोरी पेटीच्या मागे जातात. पेटी जिकडे नेईल तिकडे जातात. कोणाला काही कळलं नाही. मग मी देवजीला मांडवात बोलावलं.

पावरी सुरू झाली, पेटी तिच्यात मिसळली आणि रतनशेट खुर्चीवरून उठले.

“हाई कसं काय जुळनं?”

“पेटी जुळवून घेतली.”

“म्हंजे?”

“पत्त्या खरवडल्या.”

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “तुम्ही मन्ही पेटी बिघाडी टाकी! मन्हा बापनं नाव शे तिच्यावर!”

“नावाला हात लावला नाही, शेटजी. सोनं जसंच्या तसं आहे.”

“आते परत पहिलासारखी करा. आत्तेच्या आत्ते!”

“होत नाही,” मी म्हटलं. “खरवडलेलं पितळ परत येत नाही. उलट्या बाजूने खरवडत बसले तर पत्ती मोडेल, मग स्वागतगीतही गेलं.”

त्यांनी ताबडतोब दुसरी पेटी आणायला गडी पिटाळला. गावात दुसरी पेटी फक्त इस्माईलभाईंच्या घरी होती, कव्वालीची. इस्माईलभाई तबल्यावरचं बोट न काढता म्हणाले, “शेटजी, मेरी पेटी को तो जुकाम हुआ है. सुबह से खाँस रही है.”

मांडवातल्या पोरी फिसकन हसल्या. मीही हसले. शेटजी नाही हसले.

“आता दोनच रस्ते आहेत,” मी उभी राहून म्हटलं. “ही पेटी वाजेल तर पावरीही मांडवात वाजेल. नाहीतर तुम्ही साहेबांना सांगा, की आमच्या शाळेत यंदा गाणं नाही. तुमची पुतणीही गाणार नाही.”

“तुम्ही माले दम देई ऱ्हायनात?”

“हो.”

एवढं म्हणून मी पुन्हा पेटीपुढे बसले आणि भाता उघडला.

संध्याकाळी पावरी मांडवात वाजली. अगदी मधोमध, समईच्या शेजारी. मुलींनी फेर धरला. जनी पुढे होती. मागे, कनातीपाशी, पाड्यावरची माणसं उभी होती. त्यांनी आधी नुसतं पाहिलं आणि मग गाण्याचं धृपद उचललं. गाण्याला मांडव पुरेना. देवजी डोळे मिटून वाजवत होता. मी पेटीवर होते. त्या एका गाण्यात माझ्या सगळ्या नोकरीचं चीज झालं, असं मी आजही म्हणते. कोणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

इन्स्पेक्टरसाहेबांनी रिपोर्टात मुलींची कवाईत समाधानकारक असल्याचं लिहिलं. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. ज्यांच्या कानांची एवढी काळजी होती, ते साहेब अर्ध्या प्रोग्रॅममध्ये डुलक्या घेत होते.

मग कमिटीने मला बोलावलं. शाळेच्या सामानाची नासधूस केली म्हणून लेखी माफी मागा, म्हणाले. मी म्हटलं, “माफी मागायचीच असेल तर देवजीची मागा, आणि ती तुम्ही मागा.” काढून टाकायची त्यांची फार इच्छा होती. पण त्या पगारात नवापूरला यायला दुसरी गाणारी बाई मिळेना. मग त्यांनी मला कायम केलं नाही. मी टेंपररी म्हणून लागले आणि टेंपररी म्हणूनच रिटायर झाले. जनी मात्र शाळेत राहिली आणि सातवीची फायनल पास होऊनच बाहेर पडली. या सौद्यात मी फसले असं मला कधी वाटलं नाही.

पेटीही तशीच राहिली. गावातल्या पोरींमागून पोरी तिच्यावर सा रे ग म शिकल्या. मंगळागौर, भजनं, लग्नातली गाणी, सगळं त्याच सुरात. लढाई संपल्यावर रतनशेटनी शाळेला सुरतेहून कोरी नवी पेटी आणली. याही खेपेला सोनेरी अक्षरं होती. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले, समोर बसले. मी सा लावला आणि त्यांच्या नातीने नेहमीचं भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर शेटजींनी कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, हाई पेटी बेसूर वाजी ऱ्हायनी.”

मी चेहरा सरळ ठेवला. फार कष्ट पडले.

“खरवडू का, शेटजी?”

ते काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, “खरवडा.”

तेव्हापासून कोणी कोणाला बेसूर म्हटलं, की मी आधी विचारते, तुमची पेटी कोणी लावली?