चितेवर न जळलेलं कापड

ती घटना मी विसरावी, असं पुष्कळांना वाटतं. मी विसरत नाही. नाट्यगृहात बसलो आणि पडदा हलला, की मला निफाडच्या बाजूचं एक स्मशान दिसतं. वर्दी मी वेळेआधीच उतरवली. हल्ली कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटतो, त्यामुळे गोड बोलायची सवय राहिलेली नाही. झालं ते सरळ सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी तिकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता. तेवढ्यात गोदाकाठच्या एका गावाच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, लवकर या. लोक बाईचा जीव घेतील."

"कुठली बाई?"

"काल आमच्यात एक जण वारला, त्याची बायको. कापडाच्या कारखान्यात होता तो. काल त्याला अग्नी दिला साहेब, पण अंगावरचं कापडच जळंना. लाकडं पेटली, रॉकेल ओतलं, कापड नुसतं काळं पडलं. नाक, डोळे, हनुवटी, सगळा आकार तसाच दिसत व्हता त्यात. बाप्ये उठून पळाले. आता म्हणत्यात, बाईनं औषध घातलं, म्हणून जीव अडकलाय."

हवालदार जीपमध्ये बसता बसता म्हणाला, "साहेब, मढ्याला साक्षीदार करायचं का आता?" मी हसलो. स्मशानात पोचल्यावर हसलो नाही.

चिता विझली होती. राखेत पायांच्या बाजूला कापडाची एक घडी पडलेली होती. काळी, कडक, पण घडीच्या घडी. वाऱ्यानं राख उडत होती, ती घडी हलत नव्हती. पंचांना मी जवळ बोलावलं, तर दोघंही बाभळीखालून पुढं यायला तयार नाहीत. पंचनाम्यावर सह्या त्यांनी तिथूनच केल्या, कागद हवालदारानं नेऊन दिला तेव्हा.

संशय हवेतला नव्हता. मृत इसम संध्याकाळी कामावरून आला तोच खोकत आणि ओकत आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. गावच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचा दाखला दिला होता. पण ज्यांनी त्याला अंघोळ घातली ते सगळे एकच सांगत होते: तोंडाला सडक्या लसणाचा वास होता. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत ठेवतात त्या गोळ्यांचा तसाच वास असतो, हे त्या भागातल्या पोराटोरांनाही माहीत. घरझडतीत कोठीमागं तसली डबी सापडली. अर्धी वापरलेली. शरीर जळून गेलं होतं, पोस्टमॉर्टेमचा प्रश्न उरला नव्हता. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि त्या बाईला ठाण्यात आणलं. खरं सांगायचं तर गावापासून वाचवायलाच आणलं.

ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली.

"डबी कुणाची?"

"आमचीच. बाजरीसाठी आणली व्हती. सगळ्यांच्याच घरात हाय."

"नवऱ्याला काय दिलंस?"

"साहेब, मला घालायचं असतं तर भाकरीतच घातलं असतं ना? त्यांनी भाकरीला हात लावला नाय. दारातून आत आले तवाच तो वास घेऊन आले. कपडे खुंटीला टाकले, तर रातभर खुंटीला वास. अजून हाय. जाऊन बघा."

ही ओळ माझ्या डोक्यात राहिली. पण नुसत्या ओळीवर कुणाची सुटका होत नाही.

दुसऱ्या दिवशी मृताचा थोरला भाऊ जबाबाला आला. त्यानंच अग्नी दिला होता. चालीरीतीप्रमाणे मढ्यावरच्या कापडाची एक पट्टी फाडून त्याच्या गळ्यात बांधली होती. दहाव्यापर्यंत ती काढत नसतात. बाकावर बसून तो बिडी ओढत होता आणि भावजयीला शिव्या घालत होता.

"तिला आत टाका साहेब, मग बघा माझ्या भावाचा जीव कसा सुटतो ते!"

"आत टाकायला कायदा लागतो रे," हवालदार म्हणाला. "तुझ्या बिडीच्या धुरावर नाय चालत."

बोलता बोलता बिडीचं निखाऱ्यासारखं टोक तुटून त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर पडलं. त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं. आता भोक पडेल, धग पसरेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. एक काळा ठिपका उमटला आणि निखारा तिथंच मेला. कोरं सुती कापड असं वागत नाही.

"गळ्यातलं काढ."

"दहावं झाल्याबिगर नाय काढत साहेब."

मी काडी पेटवली आणि त्याच्या गळ्यातूनच लोंबणाऱ्या टोकाला लावली. "साहेब, माणूस पेटंल!" हवालदार ओरडला. ज्योत टोकाला चाटत राहिली. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली, विझली. टोक काळं झालं होतं, बस. वर कुबट मासळीसारखा बारीक वास आला.

भाऊ पांढराफटक पडला. "माझ्या गळ्यात बसलाय तो," तो पुटपुटला. मग दोन्ही हातांनी पट्टी ओढून त्यानं टेबलावर फेकली, जणू साप होता.

"कापड कुणी आणलं?"

"कारखान्यातून आलं. सुपरवायझरनं स्वतः आणून दिलं."

पट्टी मुद्देमाल म्हणून सील केली आणि आम्ही कारखाना गाठला.

बाहेर पाटी होती ब्लीचिंग आणि डाइंगची. आत सिनेमागृहांचे आणि नाट्यगृहांचे पडदे तयार होत होते. आग लागली तरी पेटू नयेत असे पडदे. त्या वर्षांत त्यांना मागणी आली होती. कापड एका रसायनाच्या टाकीतून काढायचं आणि तापवून पक्कं करायचं. चांगलंच काम आहे ते, जीव वाचवणारं. पण टाकीच्या खोलीला एकच खिडकी, तीही कापडाच्या ताग्यांनी बुजलेली. पंखा बंद. वरच्या तुळईवर चिमण्यांची घरटी होती, चिमणी एकही नव्हती. टाकीजवळ पाल मरून पडली होती आणि तिला मुंग्या लागलेल्या नव्हत्या. हवालदारानं तोंडाला रुमाल लावला. तिथल्या माणसांनाही मालकानं तेवढाच दिला होता. रुमाल!

सुपरवायझर पन्नाशीचा होता. मी त्याच्यासमोर सील केलेली पट्टी ठेवली आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत हे नेहमी उपयोगी पडतं. ज्याच्या पोटात काही असतं त्याला गप्प बसवत नाही.

"बाजारातलं घ्यायचं सोडून मीच तागा उघडला साहेब," तो म्हणाला. "शेवटच्या पाळीत त्यानंच काढलेलं कापड होतं. म्हटलं, त्याच्याच हातचं त्याच्या अंगावर जावं. सगळ्यात चांगलं कापड दिलं हो मी त्याला."

"आणि त्या पाळीत काय झालं?"

त्यानं टाकीकडे बोट केलं. "दुसरी ऑर्डर लावायची होती. टाकी नुसत्या पाण्यानं धुवायला वेळ जातो. मालक म्हणाले, कॉस्टिक सोडा टाका, झटकन निघेल. तो टाकीत वाकला आणि खालून वाफ आली. लसणासारखी."

ड्रम कोपऱ्यात होते. प्रत्येक ड्रमवर काळा रंग फासलेला. मालकाला विचारलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला, "धंद्याची गोष्ट आहे साहेब. माल कुठून येतो ते दुसऱ्याला कळलं तर आमचं काय राहिलं?"

मी चिंधीवर थिनर घेऊन एक ड्रम पुसायला लावला. काळ्या रंगाखालून आधी कवटी वर आली. मग हळूहळू अक्षरं: अल्कलीपासून (म्हणजे कॉस्टिकसारख्या पदार्थांपासून) दूर ठेवा. खोली हवेशीर ठेवा. मास्क आणि हातमोजे वापरा.

"कामगारांना वाचता येतं कुठं?" मालक म्हणाला.

"मग लपवलंत कुणापासून?" मी विचारलं. हाच प्रश्न मी आजही गेटवर विचारतो.

प्रयोगशाळेचा अहवाल पुढं आला. कॉस्टिक त्या रसायनाला लागलं की जो वायू सुटतो, तो धान्याच्या गोळ्यांतून निघतो तोच. म्हणून वास एक. एका बाईला फासावर न्यायला तेवढं साम्य पुरलं असतं. निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा दाखल झाला, मालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला. कारखाना दुसऱ्या पाटीखाली सुरू झाल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं: गावाला भूत दिसतं तिथं आधी कारखाना शोधा. आणि ज्यांच्या हातात ड्रम आहे त्यांना सांगतो, लेबल पुसलेल्या ड्रमला हात लावू नका. एकात दुसरं मिसळू नका. पंखा बंद असेल तर आत जाऊ नका, मग मालक काहीही म्हणो. कामाचे कपडे घरात आणू नका. लसणाचा वास आला तर आधी बाहेर पळा, कारण नंतर विचारा. पडदा आगीतून हजार माणसं वाचवेल. तो तयार करणारा एक माणूस वाचायला एक उघडी खिडकी आणि न रंगवलेला ड्रम पुरला असता.

दहाव्याला मी घाटावर गेलो होतो, बंदोबस्त म्हणून. सुपरवायझरच्या जबाबावर मी बाईला सोडलं होतं, आणि तो जबाब गावातही पोचला होता. लोक बाईकडे बघत नव्हते, पण दगडही हातात नव्हते. थोरला भाऊ खाली मान घालून बसला होता. गळा रिकामा. विधी पुढं सरकत नव्हता, कारण पट्टी माझ्या मुद्देमालात होती.

ती उठली. घरून आणलेलं नवऱ्याचं जुनं उपरणं तिनं काठावरून फाडलं. फाडल्याचा आवाज सगळ्या घाटाला ऐकू गेला. भाऊ पट्टीकडे बघत होता, हात पुढं होत नव्हता. तिनं कुणाकडून तरी काडेपेटी मागून घेतली आणि काडी टोकाला लावली. चटकन ज्योत उठली. तिनं ती बोटांनी चिमटून विझवली आणि पट्टी त्याच्यापुढं केली.

"जळतंय, दादा," ती म्हणाली. "घाला आता."