कोपराच्या घडीतली चुणचुण

अंगाला लावायची लोशनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात तीन टाक्या होत्या, एक केमिस्ट होता, आणि माल जमलाय की नाही ते सांगायला एका बाईचा हात होता. यंत्र नव्हतं असं नाही. माल किती आंबट झालाय ते आकड्यात दाखवणारं, काचेच्या कांडीचं यंत्र होतं. पण चिकट लोशनमध्ये बुडून बुडून कांडीवर तेलाचा थर बसायचा आणि मग ते मनाला येईल तो आकडा सांगायचं. दर वेळी ती कांडी धुऊन पुसून ठेवायची कुणी? त्यापेक्षा बाईला हाक मारणं सोपं.

बाई कोपराच्या आतल्या घडीत बोटभर लोशन लावायची आणि मनात मोजायला लागायची. विसाच्या आत झोंबलं तर माल फार आंबट. कॉस्टिक सोड्याचं पाणी घाला. साठ झाले तरी हात गप्प, तर माल मेलेला. आणखी ॲसिड घाला. चाळिसाच्या आसपास मुंगी चालल्यासारखी चुणचुण सुरू झाली की ती म्हणायची, "भरा." आणि बाटल्या भरल्या जायच्या. केमिस्टने तिला लिटमसबाई हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. तिला राग नव्हता. आधी ती तिथेच फरशी पुसायची, तेव्हा तिला काहीच नाव नव्हतं.

पूर्वी लोशन म्हणजे जरा सुवास, जरा ओलावा, संपलं. पुढे लोकांचं त्यावर भागेना. चेहऱ्याची औषधं अंगालाही हवीशी झाली. बाटलीवर ठळक अक्षरांत लॅक्टिक ॲसिड, युरिया, नायसिनामाइड. कोपरं उजळणार, गुडघे मऊ होणार, दंडावरचे खरखरीत दाणे जाणार. यात खोटं काही नाही. प्रमाणात असली तर ही द्रव्यं कामाची आहेत, मेलेली कातडी सोडवतात. पण ते प्रमाण राखायला अकरा वर्षं एका बाईची जिवंत कातडी झिजत होती. सोमवारी डावा हात, मंगळवारी उजवा, बुधवारी पुन्हा डावा. याला सुट्टी म्हणायची तर म्हणा.

एका सोमवारी तिला पाचालाच झोंबलं. "आंबट आहे," ती म्हणाली. केमिस्टने सोड्याचं पाणी घातलं. पुन्हा पाच. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदाही पाच, तेव्हा ती घाबरून "भरा" म्हणाली. महिनाभरात दुकानदारांची तक्रार आली की या मालाने काही म्हणजे काही होत नाही. मालकांनी ॲसिडच्या पिंपाला दोष दिला. बाई मान खाली घालून उभी राहिली. तिला कळून चुकलं होतं, कारण हल्ली नळाचं साधं पाणीही कोपरात निखाऱ्यासारखं लागत होतं.

ती कातडीच्या डॉक्टरकडे गेली. "वरची साय गेलीय सगळी," डॉक्टर म्हणाले. "आता काहीही लागलं तरी झोंबणार. हे काम सोडा." आणि लावायला मलम लिहून दिलं. तिने दुकानाबाहेर ट्यूब उलटी करून वाचली: युरिया, दहा टक्के. ती रस्त्यातच हसली. मग ट्यूब पिशवीच्या तळाशी टाकली.

काम सोडा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? "भरा" या एका शब्दाखातर केमिस्टसारखा शिकलेला माणूस तिच्या तोंडाकडे बघत ताटकळत उभा राहायचा. तो शब्द गेला की हातात पुन्हा फडकं.

घरात ती आणि सून, दोघीच. मुलगा मालट्रकवर, महिन्यातून दोनदा उगवणारा. लेक दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. हाताची गरज पडली तेव्हा तिला लेकीचा हात सुचला नाही, सुनेचा सुचला. मी तिची वकिली करणार नाही. बहुतेकींना तोच सुचला असता.

कारखान्यापासून घर दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत ती ॲप्रनच्या खिशात बाटलीभर माल घेऊन आली.

"हात पुढे कर गं."

"का? बांगड्या भरताय की काय?" सून म्हणाली. "आई, तुमच्याकडून मला काही मिळायचं म्हणजे जरा भीतीच वाटते."

"जिभेला हाड नाही तुझ्या. कर पुढे. झोंबलं की सांग."

सुनेने सत्तेचाळिसाला सांगितलं, तेही कौतुकाने. बाई परत जाऊन केमिस्टला म्हणाली, "भरा."

असं पाच महिने चाललं. आधी जेवून येते, मग सांगते, असं ती म्हणायची. मालकांना वाटे, वयाप्रमाणे बाईचे नखरे वाढलेत. सून रोज ताट वाढून, बाही वर सरकवून तयार बसायची. "माझ्या हाताला तुमच्यापेक्षा मान आहे म्हणा की," ती चिडवायची. बाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण बोलते कशी?

मग एका सकाळी मालकच टाकीपाशी येऊन उभे राहिले. गाडी दारात होती, माल तातडीचा होता.

"लावा, बाई."

"जेवून आले की..."

"जेवायचा आणि हाताचा काय संबंध? लावा."

ती जागची हलेना. केमिस्ट चेष्टेच्या सुरात "काय लपवलंय लिटमसबाईंनी?" म्हणत पुढे आला आणि त्याने तिची बाही वर केली. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. कोपराची घडी सोललेल्या टोमॅटोसारखी दिसत होती.

"मग इतके दिवस माल कोण बघतंय?" मालकांनी विचारलं.

"सून."

ती बोलणी खायला तयार होती. फसवलंत म्हणतील, हाकलून देतील, पाया पडू, रडू, सगळं तिने मनाशी शंभरदा घोळवून ठेवलं होतं. मालक नुसते घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग तिलाच घेऊन या ना. आत्ता. किती वेळ लागेल?"

सून वेणी घालून, धुतलेले कपडे घालून आली. बेचाळिसाला "भरा" म्हणाली. शब्दही तोच, सासूचा. बाईला झाकणं लावायला बसवलं, पण बाटल्यांच्या तोंडाशी माल ओघळायचाच, आणि रबरी हातमोज्यांनी वेगळे चट्टे उठले. पंधरा दिवसांनी मालक गोड आवाजात म्हणाले, "विश्रांती घ्या थोडी. बरं वाटलं की या."

तिने ते शब्द अगदी खरे धरले. तीन महिने हात कोरडा ठेवला. भांडी सून घासायची, कामाला जायच्या आधी आणि आल्यावर. कोपरावर पातळ, चकचकीत कातडी धरली. हात आता कुणालाही दाखवण्याजोगा झाला. मग एके दिवशी ती कुणाला न विचारता कारखान्यात जाऊन उभी राहिली.

"बरी झाले मी. बघा."

मालकांनी केमिस्टकडे पाहिलं. केमिस्टने टाकीतून चमचाभर माल काढून तिच्या घडीत लावला. सून बाजूलाच होती. तिचीही बाही कोपराखाली ओढलेली होती, आणि कोपराजवळ कापड जरा चिकटलं होतं.

तिसऱ्या आकड्यालाच बाईच्या हाताने पेट घेतला. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता ती मोजत राहिली. दहा. वीस. डोळ्यांत पाणी येऊ लागलं तशी छताकडे बघायला लागली. तीस. पस्तीस. चाळीस.

"आत्ता लागलं," ती म्हणाली. "मुंगीसारखं. बरोबर आहे. भरा."

केमिस्ट चमचा पुसत बसला, पुसून झाला तरी पुसत राहिला.

"आई," सून हळूच म्हणाली, "या टाकीत अजून ॲसिड घातलंच नाहीये. साधं लोशन आहे हे."

मालक फोन आल्यासारखं करून ऑफिसात गेले. सुनेने ओल्या कापडाने सासूचा हात पुसला. पाणी लागताच बाईचा खांदा उडाला, तेव्हा कोरडं कापड घेऊन टिपला.

"मी सोडते घरी. चला."

तेवढ्यात केमिस्टने ॲसिड ओतलं आणि ढवळणी सुरू केली. "दहा मिनिटांत हात लागेल तुमचा, लिटमसबाई," तो सुनेला म्हणाला. ते नाव घेताना त्याची जीभ अडखळली, पण म्हणाला तो सुनेलाच.

सून सासू आणि केमिस्ट यांच्या मधे उभी राहिली.

"आई, तुम्ही व्हा पुढे. वरण मी आल्यावर टाकते, तुम्ही पाण्यात हात घालू नका."

"बरं," बाई म्हणाली, आणि निघाली.