डर्टीवर एक वाक्य

“खिडकीबाहेर जे दिसते, त्याच्यावर वाक्य बनवा,” सर म्हणाले. फळ्यावर शब्द होता डर्टी. खाली त्याचे भाऊबंद: अनक्लीन, फिल्दी, नॅस्टी. खिडकीबाहेर माझी माय शाळेचे संडास धूत होती.

पांढुर्ण्याची शाळा. मी सहावीत. आमच्या वस्तीतल्या पोरी मागे, दाराजवळ, चटईवर बसायच्या. सरांची रीत अशी की वाक्य बरोबर आलं, तर दिवसभर पहिल्या बाकावर बसायला मिळे. त्या बाकासाठी माझा जीव तुटायचा. सरांनी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सांग, तुह्यासाठी तं सोपं हाये.”

मी उभी राहिले. “माय मदर इज डर्टी.”

वर्ग खदखदून हसला. मायनं वर पाहिलं. पोरगी इंग्रजी बोलली, एवढंच तिला कळलं. तीही हसली. हातातला खराटा तसाच धरून, अगदी खुशीत. आणि मी? दप्तर उचललं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. सरांनी नुसती नजर फिरवली होती. वाक्य माझं होतं.

संध्याकाळी माय वस्तीभर सांगत फिरली, “माही पोरगी साऱ्या वर्गासमोर इंग्रजी बोलली.” मी गप्प. पुढे वीस वर्षं गप्प. लाज वाटायची, तरी गप्पच.

आता मी सौंसरला इंग्रजीच शिकवते. परवा जुन्या शाळेतून फोन आला. सरांचा निरोप समारंभ आहे, शाल तुमच्याच हातून द्यायची. मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. “मले बी ने. त्यायनंच तं तुले घडवलं.”

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. शब्द, त्याचा अर्थ, बाक.

माय कितीतरी वेळ लुगड्याची घडी मोडत, घालत राहिली. “मी बी हासली होती न तवा,” ती म्हणाली. “मले काय माहीत, तुमी सारे मलेच हासून राहिले होते.”

माफ कर म्हणायला मला तोंड नव्हतं. “येशील?” एवढंच विचारलं.

“येईन. पण या टायमाले मले समजन असं बोल.”

आम्ही दोघी जाणार. माझ्या हातानं सरांच्या खांद्यावर शाल पडणार नाही. माय पहिल्या रांगेत बसेल. माईक हातात आला की ते वाक्य मी मराठीत सांगेन. आधी सांगेन ते कोण बोललं. मग सांगेन, कोणी बोलायला लावलं.