मामा नसलेलं नाणं

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत मला फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. म्हणजे आलेत तीन-चार, त्यातली एक आमची घरवालीच, पण बाहेर कुणाला माहीत नाही!

क्रिप्टोच्या बाबतीतही माझा असाच दरारा आहे. ते नेमकं काय असतं हे मला अजून समजलेलं नाही, पण त्याचे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. जव्हारच्या एसटी डेपोजवळ माझं सायकल रिपेअरिंगचं दुकान, आणि वरच्या खोलीत माझी पुतणी वनिता कॉम्प्युटरवर काम करते. तिचा जिना माझ्या दुकानातूनच जातो, त्यामुळे वरचं सगळं खाली गळतं. असे किस्से जुन्या ट्यूबांसारखे साचतात. फेकवत नाहीत, आणि कधी ना कधी ठिगळाला उपयोगी पडतात.

* * *

वनिता पुण्यातल्या एका कंपनीसाठी काम करते. जगात रोज कुणीतरी नवीन कॉइन काढतं आणि लोकांना म्हणतं, घाला पैसे. तर एक डेटा सर्व्हिस आहे, पैसे भरून वापरायची साइट. तिच्यात कॉइनचं नाव टाकायचं. ते कुणी काढलं, त्याने आधी काय उद्योग केले, मोठा पैसा कुणी घातला, सल्लागार कोण, सगळं समोर येतं. वनिताने ते तपासून रिपोर्ट लिहायचा.

हे तिने मला समजावलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, मग ही तर सोयरीक बघायची झाली! आपल्या पाड्यांवर मुलगा बघायला गेलं की पगार कुणी विचारतं का? आधी विचारतात कुठल्या पाड्याचा, आणि मग मामा कोण. मामा ओळखीचा निघाला तर चहा, नाहीतर पाणी पण उशिरा. तू तुझ्या कॉइनचा मामा शोध."

तेव्हापासून आमच्याकडे कॉइन काढणारा म्हणजे नवरदेव आणि मोठा पैसा घालणारा म्हणजे मामा!

एकदा पुण्याहून बॉसचा फोन आला. वनिता ओघात बोलून गेली, "सर, नवरदेव ठीक वाटतो, पण मामा मध्येच पळून गेला."

मग बॉस हळू आवाजात म्हणाले, "वनिता, घरी काही प्रॉब्लेम असेल तर दोन दिवस सुट्टी घे."

* * *

एका नवरदेवाचा तिने व्हिडिओ कॉल लावला होता. मी चहा द्यायच्या निमित्ताने मागे उभा. हा गडी सिंगापूरच्या ऑफिसात बसलेला, मागे काचेच्या उंच बिल्डिंगा, तोंडात सगळं इंग्रजी. "माय टीम, माय व्हिजन" चाललेलं.

एवढ्यात त्याच्याकडची लाइट गेली. बिल्डिंगा गायब, मागे दोरीवर वाळत घातलेली लुंगी! आणि आतून बाईचा आवाज आला, "बेटा, लाइट आए तो पहले मोटर चालू करना, टंकी खाली है!"

वनिताने रिपोर्टात सभ्य भाषेत लिहिलं की पत्ता पुन्हा तपासावा. मी म्हणालो, "टाकी भरली का ते पण विचार की!"

* * *

आता भोये गुरुजी. मुक्काम खोडाळा, वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून घंटेसारखा. मला सातवीला यांनीच शिकवलं आणि यांनीच नापास केलं. खोडाळ्यात अर्ध्या बाजाराने त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे. जव्हारला कामाला आले की माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसतात आणि मी त्यांचा जुना हिशेब चुकता करतो.

मी त्यांना गंभीर तोंडाने सांगितलं, "गुरुजी, कुणाला बोलू नका. नागलीकॉइन येतंय. एक कॉइन घेतलं की दुबईत नागलीची एक भाकरी तुमच्या नावावर."

गुरुजी "हॅट्!" म्हणाले. पण पुढच्या फेरीला स्टुलावर बसायच्या आधी विचारलं, "त्या भाकरीचं काय झालं रे?"

त्याच्या पुढच्या फेरीला विचारलं, "आणि सोबत चटणी?"

मग मात्र मला हसू आवरेना, पान्हा हातातून पायावर पडला. गुरुजी संतापले, छत्री उगारली, एसटीत जाऊन बसले. गाडी सुटताना खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "नाम्या, कल्पना मात्र वाईट नव्हती!"

मी हसलो, पण वनिता हसली नाही. म्हणाली, "काका, असाच कुणी खराखुरा फसवणारा त्यांना भेटला तर?"

* * *

भेटलाच! कडक इस्त्रीचा शर्ट, टोकदार बूट, हातात लॅपटॉप. आम्ही त्याला कडक साहेबच म्हणायचो. गुरुजी त्याला घेऊन माझ्या दुकानात आले, छाती पुढे. "नाम्या, यांच्या कॉइनचा मी सल्लागार आहे. बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात मीटिंग ठेवली आहे."

कडक साहेब भलता गोड माणूस. माझा चहा प्याला, दुकानाची तारीफ केली, माझ्याबरोबर फोटोही काढला. मी ग्रीसचे हात मागे लपवून ताठ उभा राहिलो.

ते गेल्यावर वनिताने साइटवर कॉइनचं नाव टाकलं. नवरदेव दुसराच कुणी परदेशातला, आणि त्याचा फोटो याआधीच्या दोन बुडालेल्या कॉइनांवर निघाला, दोन्हीकडे नाव वेगळं. मामाचा रकाना कोरा. आणि सल्लागारांत आमचे गुरुजी! शाळेतल्या सत्काराचा फोटो, फक्त गळ्यातला हार पुसून तिथे टाय बसवलेला.

पुढच्या फेरीला वनिताने त्यांना ते सगळं दाखवलं. "गुरुजी, या कॉइनला मामाच नाही. हा माणूस लोकांचे पैसे घेऊन जाईल. लोक त्याला ओळखत नाहीत, ते तुमच्या तोंडाकडे बघून देणार आहेत. उद्या तुम्हाला बाजारातून चालता येईल का?"

गुरुजी फोटोच बघत बसले. म्हणाले, "एकासारखी एक माणसं असतात, पोरी." मग चष्मा वर करून, "टाय मात्र शोभतोय, नाही?"

वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जिना चढून गेली. मी पण पहिल्यांदाच त्यांची टिंगल केली नाही.

* * *

बाजाराच्या दिवशी वनिता म्हणाली, "काका, दुकान बंद करा, खोडाळ्याला जायचंय." जीप माणसांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. वळणावळणावर रेंज येत-जात होती. मध्येच वनिताने मोबाइल बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली.

"काय झालं गं?"

"काही नाही, धूळ गेली."

खोडाळ्यात उतरल्याबरोबर तिने तो मोबाइल नेऊन गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला, मग मान वर करून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माझ्या कपाळाला ग्रीस लागलंय.

मीटिंग देवळापुढच्या मांडवात. बाजार आटोपून लोक पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. काहींनी पैसे रुमालात बांधून आणले होते, ते मला दिसत होतं. कडक साहेब तासभर बोलला. बोलून झाल्यावर पुढे बसलेल्या ठकीआजीने हात वर केला.

"तू कुठल्या पाड्याचा रं बाबा?"

"आजी, आमचं काम इंटरनॅशनल आहे!"

"आसंल. मामा कोन तुजा?"

मांडव हसला. कडक साहेबही हसला, पण रुमालाने मान पुसायला लागला. "आजी, माझ्यावर विश्वास नसू दे. तुमचे गुरुजी तर आमचे सल्लागार आहेत! त्यांना विचारा!"

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. वनिताने माझा दंड इतका घट्ट धरला की हाताला मुंग्या आल्या.

गुरुजी उठले. चष्मा पुसला, वनिताचा मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि तोच जुना आवाज काढला.

"गप्प बसा! हजेरी घेतो."

काय सांगू! साठीची माणसं मांडी सावरून ताठ बसली.

"कॉइनचे संस्थापक?"

कडक साहेब म्हणाला, "सर परदेशात..."

"मागच्या दोन कॉइनांत यांचं नाव वेगळं होतं. आज कुठल्याच नावाने आलेले नाहीत. काय म्हणायचं?"

"गैरहजर!" सगळा मांडव एका सुरात ओरडला.

"मोठा पैसा घालणारे? नाव कोरं."

"गैरहजर!"

"सल्लागार, भोये गुरुजी." इथे त्यांनी जरा श्वास घेतला. "हजर. टाय खोटा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुमालांच्या गाठी पुन्हा कंबरेला गेल्या. कडक साहेब लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला. मी तर खुशीत शिट्टी मारली. म्हटलं, गुरुजी फसले होते पण शेवटी वळणावर आले. आता जन्मभर त्यांना टायवरून छळायचं!

"थांबा," गुरुजी म्हणाले, "एक नाव राहिलंय. आज सकाळीच घातलंय. सल्लागार नंबर दोन." त्यांनी मोबाइल लोकांकडे फिरवला. "डॉक्टर नामदेवराव, जव्हार. अर्थतज्ज्ञ."

फोटोत मी. हात मागे, मान ताठ, अंगात कोट!

मांडवात असा हशा झाला की झाडावरचे कावळे उडाले. वनिता तर पोट धरून खालीच बसली. मी उठून ओरडलो, "अहो गुरुजी, काय डॉक्टर! मी सातवी नापास आहे!"

"ऐकलंत?" गुरुजी लोकांना म्हणाले. "माझ्या टायला मी भुललो. पण याला नापास मी स्वतः केलाय, म्हणून तर सगळंच खोटं आहे हे मला कळलं."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तू, नाम्या, हजेरीच्या वेळी बडबड करायची नाही. हजर आहेस की नाही, तेवढंच सांग."