मशीनीखालचा भुऱ्या

गोरेगावच्या आमच्या शिलाई सेंटरात कुसुमबाईची मशीन माझ्या मशीनीले लागूनच आहे. बाई चांगली आहे, हे मले मन मारून सांगा लागते. चोरखमारा गावाकडची. नवरा गेला, पोरगी रायपूरले देली, अन् बाई धानाच्या रोवणीची मजुरी करत करत चाळिशीत शिलाई शिकली. पहिल्या शर्टाले तिनं दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या होत्या. आम्ही पोट धरून हासलो. आता तिच्यासारखी कॉलर कोणाच्यानं होत नाही, माझ्याच्यानं बी नाही. जळते मी तिच्यावर, कायले लपवू?

त्यात आला तो भुऱ्या. घरी एकटा ठेवला का हा तिचा कुत्रा दारावर नखं मारून मारून पंजे रक्तानं भरवून घे. कुसुमबाईचं अर्धं मन मशीनीवर, अर्धं घरी. आमचा मालक हिमांशू पुण्याले शिकून आलेला. तो म्हणे, "मावशी, टेन्शन घेऊ नका, उद्यापासून त्याला इथंच आणा. तुमचं मन शांत राहिलं तर काम चांगलं होईल. सगळ्यांनीच आणा आपापलं जनावर." लगेच दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या नूतननं बकरी आणली. बकरीनं शाळेच्या शर्टाचे खिसे खाल्ले. मंग ठरलं, फक्त कुत्रा अन् मांजर. म्हंजे भुऱ्याच!

तो तिच्या मशीनीखाली झोपे. दुपारी डबे उघडले का जिच्या-तिच्या डब्यातला पहिला घास त्याले. "भुऱ्या जेवला का वो?" सगळ्या बाया विचारत. माझी माय जेवली का, हे कोणी विचारे नाही. अंगाची आग होई माझ्या.

माझी माय घरी कुलुपात. तिचं डोकं आता साथ देत नाही. एकदा कोणत्या तरी एसटीत बसली अन् सडक अर्जुनीले उतरून हायवेवर ट्रकांच्या मधातून चालत होती. तवापासून मी सकाळी तिले पेज पाजते, बाहेरून कुलूप लावते अन् कामावर येते. दिवसभर जीव टांगलेला राहते.

एक दिवस सहनच झालं नाही. हिमांशूपुढं जाऊन उभी राहिली. "कुत्रा चालते, मंग माझी माय काऊन नाही चालत? नखं मारून दाखवत नाही म्हणून?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, इथं कात्र्या, सुया, गरम इस्त्र्या. म्हातारं माणूस आहे, काही झालं तर?"

"अन् कुत्र्याले झालं तर?"

मी मशीनीवर येऊन सगळ्यांसमोर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमबाई भुऱ्याले घेऊन माझ्या दारात हजर. "ठेव याले मायजवळ. दोघंबी एकटे नाही राहणार."

"अन् तू वो?"

"मी काय, बायांत बसते ना दिवसभर."

आता भुऱ्या दिवसभर मायजवळ राहते. हिमांशूनं दुपारी घरी जाऊन यायची मुभा देली. माय बाहेर जायची धडपड करत नाही, त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते. माझे टाके आता सरळ पडतात. कुसुमबाईचे पाय मात्र मशीनीखाली अजून त्याची जागा सोडूनच असतात. तेवढं पाहिलं का मले जरा बरं वाटते. खोटं कायले बोलू?

काल संध्याकाळी कुसुमबाई त्याले न्यायले आली. माय मले ओळखत नाही, रोज विचारते, "कोण वो तू?" पण काल ती भिंत धरत दारापर्यंत आली, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाली, "उद्या येजो, भुऱ्या."

कुसुमबाई खुश होऊन हासली. मीबी हासली. मंग मोरीत बसून भांडे घासत रडली. माझं नाव शामकला. मायनंच ठेवलं होतं.