अक्काचा द्राक्षरस

वाचकहो, हातातलं काम बाजूला ठेवा. अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो आहे: आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस कोणी उकळावा, या एका प्रश्नावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. गळक्या छपरासाठी एकच झाली होती.

कारण अक्का. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, मी तिथेच मास्तर. कोणी तिच्या बापाचा विषय काढला की ती हातातला डाव आधी खांद्यामागे रोखायची, मग स्वतःच्या पायांपाशी. "तो तठे. मी आठे." तो तिकडे, मी इकडे. विषय संपला. डावाला खिचडी लागलेली असली तर मागे उभ्या असलेल्याचा सदराही संपला.

बाप शिंदखेड्याकडच्या एका वस्तीवर हातभट्टी लावायचा. एकदा त्याच्या दारूने दोन माणसं गेली आणि एकाचे डोळे गेले. अक्का तेव्हा लहान होती. बाप तुरुंगातच वारला. पुढे ती धुळ्याला आली, बाप्तिस्मा घेतला. आणि बघा योग, डोळे गेलेले ते नानाही मुलाकडे राहायला धुळ्याला आले, आमच्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसू लागले. दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

रस करणाऱ्या बाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा अक्का म्हणाली, मी करते. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, चवीला साखर. त्यात अवघड काय? पण चूल, पातेलं आणि त्या बापाची मुलगी, हे एकत्र आल्यावर कमिटीला घाम फुटला. एक सभासद हळूच म्हणाले, हात शेवटी बापाचाच असतो हो. मीही कमिटीतलाच. म्हणालो, दीडशे पोरं रोज याच हातची खिचडी खातात, आणि तक्रार फक्त मिठाची आहे. कोणी हसलं नाही.

तिसऱ्या बैठकीत तोडगा निघाला. बाहेरगावचे एक प्रचारक बापाकडून लेकरांवर उतरणारा पिढीचा शाप तोडण्याची खास प्रार्थना करत. ती करून घे, मग खुशाल उकळ. अक्काला आत बोलावलं. तिने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"पाळकसाहेब, माझा शाप प्रभूने वधस्तंभावर तोडला, असं बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीच सांगितलं. तेव्हा तो अर्धाच तुटला होता का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मनुका किती लागतील?" ते म्हणाले.

रविवारी छोट्या पेल्यांचं ताट फिरलं. पेला सगळ्यांनी घेतला. पाळकसाहेब प्याले. बाकी मंडळी पेल्यात माशी पडल्यासारखी बघत बसली. चर्चची पेटी मीच वाजवतो, तेव्हा मी भाता घट्ट धरून होतो. पेटीवाल्याचे हात मोकळे नसतात, ही केवढी सोय. एवढी खिचडीची वकिली केलेला मी, पण माझाही पेला पेटीवर तसाच होता.

नानांनी पेला नाकाशी नेला. "कोनी करेल शे?"

रस कोणी केलाय, असं ते विचारत होते. मागच्या दाराशी उभी असलेली अक्का सरळ चालत पहिल्या बाकापाशी आली.

"मी, नाना. त्यानीच पोर."

त्याचीच पोर, एवढंच; बापाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. नाना पेला धरून बसले. अक्का जागची हलली नाही, तिने नजरही खाली घातली नाही. मग नानांनी एका घोटात पेला रिकामा केला.

त्यानंतर सगळे प्याले. मीही प्यालो, भाता सोडून.

अक्का आता जळगावला मुलीकडे असते. आमचा रस दुकानातून बाटलीत येतो, गोडमिट्ट. पेला हातात घेतला की मला नानांचाच आवाज ऐकू येतो. तो घोट घेतल्यावर, भर उपासनेत, आमचे पेले अजून भरलेलेच असताना ते ओठ चाटत मोठ्याने म्हणाले होते:

"साखर कमी शे, पोरी. पुढला खेपले जास्ती टाक."