पुढची रिकामी सीट

मुलाच्या मेडनहेडच्या घरून हीथ्रो विमानतळावर निघायच्या दिवशी माझी बॅग भरून दारात उभी होती आणि मी उगाच स्वयंपाकघराचा ओटा पुसत होते. तो कधीच लख्ख झाला होता. पाय निघत नव्हता, एवढंच. आले होते तेव्हा मात्र परत कधी जाते असं झालं होतं.

ही सफर खरं तर आम्हा दोघांची. हे रिटायर झाले की मुलाकडे जायचं आणि गाडीने सगळं ब्रिटन पालथं घालायचं, असं ठरलं होतं. ह्यांनी रिटायरमेंट पाहिली, ब्रिटन राहून गेलं. पुढे मुलाने फोनवर इतका पिच्छा पुरवला, की मी एकटीच विमानात बसले. मनात एकच धाकधूक. ह्यांच्यावाचून मला काही बघवेल का? आणि बघवलं, तर ते मला माझंच सहन होईल का?

पहिल्याच सकाळी मुलाने गाडीचं पुढचं दार उघडलं. सीटवर बिस्किटाचे कण होते. ते मी हाताने झाडले आणि मागे जाऊन बसले. आमच्यात ड्रायव्हरशेजारची जागा ह्यांची. मांडीवर नकाशा, तोही बहुतेक वेळा उलटा, आणि ड्रायव्हरला अखंड सूचना. मी मागे, खाण्याची पिशवी सांभाळत. मुलाला सांगितलं, मला मागे पाय पसरता येतात. त्याला ते पटलं. त्याला काहीही पटतं, बापासारखाच आहे.

सूनबाईला म्हटलं, तू बस नवऱ्याशेजारी. ती माझ्याजवळ मागेच येऊन बसली. जन्मली-वाढली लीड्सला, नोकरी इथल्या हॉस्पिटलात, पण आईवडील आपले कोल्हापूरचे. सासू मागे असताना पुढे बसत नाही, वळण चांगलं आहे हो पोरीला, असं म्हणत मी मनातल्या मनात फुशारले.

झालं! वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड, सगळीकडे आमची वरात अशीच. पुढच्या सीटवर एकटा रोड ॲटलास, आणि मुलगा टॅक्सीवाल्यासारखा गाडी हाकतोय. आधी थोडा कुरकुरला, मग त्यानेही नाद सोडला.

मागे आमच्या गप्पांना मात्र ऊत आला. सूनबाई ह्यांच्याबद्दल विचारायची. लग्नाच्या गडबडीत भेटले, तेवढेच तिला ठाऊक. ह्यांचं घोरणं, राग आला की कपड्यांना इस्त्री करत सुटणं, मी सगळं सांगायचे. पुण्यात सगळे माझ्यासमोर ह्यांचा विषय टाळायचे. हिने मला बोलू दिलं, त्याचं केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! एकदा एका तळ्याकाठी मेंढ्या रस्त्यात ठाण मांडून बसल्या. मुलगा त्यांना इंग्रजीत विनवण्या करायला लागला, तशी मी पोट धरधरून हसले. मग दचकलेच. सूनबाईने नुसता हात हातात घेतला.

स्कॉटलंडच्या वळणांवर ती पांढरीफटक पडली. मागे बसलं की हिला मळमळतं, हे मला तेव्हा कळलं. अगं, पुढे जा, म्हटलं, तर मान हलवली आणि माझ्याकडची आवळासुपारी चघळत राहिली. परतताना लीड्सला तिच्या माहेरी उतरलो, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, ही लहानपणी पुढच्या सीटसाठी भावाशी मारामाऱ्या करायची, आणि आता मागे कशी? मी म्हटलं, तुमचे संस्कार, दुसरं काय! विहीणबाई बुचकळ्यात पडल्या.

मुलगा अधूनमधून विचारायचा, पुढच्या वर्षी येणार ना. मी बघू म्हणायचे आणि विषय बदलायचे.

तर निघायचा दिवस. सूनबाईने आठवणीने माझ्या हातावर दही-साखर घातली. मी सवयीने गाडीचं मागचं दार उघडलं, तर तिने ते हळूच लावून घेतलं.

"आई, पुढची सीट बाबांची होती ना? म्हणून मी पण नाही बसले."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही पहिल्या दिवशी ती झाडलीत, आणि मग मागे बसलात."

एवढी वळणं, एवढी मळमळ, आणि पोरीने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आणि मी वळणाच्या गोष्टी करत होते! भर रस्त्यात तिला जवळ घेतलं आणि रडून घेतलं. मुलगा बिचारा बॅग हातात धरून उभा.

"आज तुम्ही बसा तिथे," ती म्हणाली. "बाबा माझ्याशेजारी बसतील."

मी ॲटलास उचलून मांडीवर घेतला आणि पुढे बसले. अख्खा रस्ता समोर होता. इतके दिवस मी तो पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून बघितला होता. मोटरवेला लागताना मुलाने पुन्हा विचारलं, येशील ना.

येईन, म्हटलं. मग ॲटलास उघडला आणि त्याला सांगितलं, इथे डावीकडे घे. तो हसायलाच लागला. नकाशा मी उलटा धरला होता.